आफ्रिका आणि आफ्रिकन-अमेरिकन इतिहासातल्या महत्त्वाच्या तारखा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली गुलामगिरी कधी संपली असं विचारलं, तर १८६३, जून १८६५, डिसेंबर १८६५ आणि १८६६ अशी चार उत्तरं मिळतात, आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच गोंधळातून येतात. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असतात, परदेशात मुलांचे शाळेचे प्रकल्प करून घेणारे आई-वडील असतात आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचकही असतात. कागदावर सही कधी झाली, कायदा लागू कधी झाला आणि माणूस मळ्याबाहेर खरोखर कधी पडला, या तीन तारखा क्वचितच एक असतात. खालच्या उत्तरांत जिथे त्या वेगळ्या आहेत, तिथे वेगळ्याच सांगितल्या आहेत.

१. मला यातलं काहीच माहीत नाही. आधी कोणत्या तारखा लक्षात ठेवू?

अमेरिकेच्या बाजूने ऑगस्ट १६१९ (व्हर्जिनियात आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले), १ जानेवारी १८६३ (लिंकनचा मुक्ती जाहीरनामा), ६ डिसेंबर १८६५ (गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर), १७ मे १९५४ (शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) आणि ६ ऑगस्ट १९६५ (मतदान हक्क कायदा). आफ्रिकेच्या बाजूने २६ फेब्रुवारी १८८५ (बर्लिन परिषदेचा शेवट), ६ मार्च १९५७ (घाना स्वतंत्र), २५ मे १९६३ (आफ्रिकी एकता संघटनेची स्थापना) आणि २७ एप्रिल १९९४ (दक्षिण आफ्रिकेतली सर्वांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक).

बर्लिनबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकांतही चुकीची सापडते. युरोपीय सत्तांच्या त्या परिषदेत नकाशावर पट्टी ठेवून आफ्रिकेच्या सगळ्या सीमा आखल्या गेल्या नाहीत. तिथे प्रदेश बळकावण्याचे नियम ठरले. सीमा पुढच्या काही दशकांत लढाया, तह आणि दडपशाही यांतून आखल्या गेल्या. आफ्रिकेचं भवितव्य ठरवणाऱ्या त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता, हे मात्र शब्दशः खरं आहे.

२. अमेरिकेत पहिले आफ्रिकी लोक १६१९ मध्ये आले, हे बरोबर ना?

इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीपुरतं बरोबर. ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस ‘व्हाइट लायन’ हे इंग्रज जहाज पॉइंट कम्फर्टला, म्हणजे आजच्या हॅम्पटन शहराजवळ, लागलं. त्यावर वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान होते. त्यांना अंगोलातून पकडून मेक्सिकोकडे नेणाऱ्या पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलं होतं. व्हर्जिनियात त्यांच्या बदल्यात जहाजासाठी अन्नधान्य घेतलं गेलं.

पण त्याच्या जवळजवळ शतकभर आधी, १५२६ मध्ये, आजच्या अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर स्पॅनिश लोकांनी वसाहत करून पाहिली, तेव्हा त्यांच्याबरोबर आफ्रिकी गुलाम होते आणि त्यांनी बंडही केलं होतं. म्हणून ‘पहिले आफ्रिकी’ असं न लिहिता ‘इंग्रज वसाहतीत उतरवलेले पहिले’ असं लिहावं. १६१९ पासून आजन्म, वंशपरंपरागत गुलामगिरीचा पक्का कायदा होता असंही नाही. तो फास हळूहळू आवळत गेला. त्यातला सर्वांत क्रूर टप्पा म्हणजे व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा: आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच गुलाम. बाप खुद्द मालक असला तरी मुलाचा जन्म मालकाच्या मालमत्तेत भर म्हणूनच मोजला जाणार, हे त्या कायद्याने ठरवून टाकलं.

३. लिंकनने १ जानेवारी १८६३ ला सगळ्या गुलामांना मुक्त केलं ना?

सगळ्यांना नाही. मुक्ती जाहीरनामा हा अमेरिकेच्या गृहयुद्धातला (दक्षिणेकडची गुलामगिरीची राज्यं देशातून फुटली आणि उत्तरेशी लढली) लष्करी हुकूम होता आणि तो फक्त बंडखोर दक्षिणी राज्यांना लागू होता. संघराज्यात राहिलेली डेलावेअर, मेरिलंड, केंटकी आणि मिझुरी ही गुलामगिरीची राज्यं त्यातून वगळलेली होती. टेनेसी, लुइझियानाचे काही भाग आणि व्हर्जिनियाचे काही जिल्हेही वगळलेले होते. जिथे लिंकनची सत्ता चालत होती, तिथले बरेच जण त्या दिवशी गुलामच राहिले. आणि जिथे मुक्ती जाहीर झाली, तिथे ती अमलात आणायला उत्तरेचं सैन्य पोचावं लागणार होतं.

तरी तो जाहीरनामा पोकळ होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यानंतर सैन्य जसजसं पुढे सरकलं, तसतशी मुक्तीही पुढे सरकली. कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाटही त्यात मोकळी झाली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या भूदलात लढले.

आणि गुलाम माणसं वाट बघत बसली नव्हती. मे १८६१ मध्ये, युद्धाला जेमतेम महिना झालेला असताना, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीने फोर्ट मन्रो या संघराज्याच्या किल्ल्यावर पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन त्यांना परत मागायला आला. पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा तेव्हा देशात होता. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने उत्तर दिलं, तुमचं व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवतं, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कशाला लागू होईल? शत्रूची युद्धसामग्री म्हणून त्याने तिघांना ठेवून घेतलं. बातमी पसरली आणि शेकडो माणसं, बायकामुलांसह, त्या किल्ल्याकडे चालू लागली. फोर्ट मन्रो उभा आहे तो नेमका त्याच पॉइंट कम्फर्टवर, जिथे १६१९ मध्ये ‘व्हाइट लायन’ लागलं होतं.

४. १९ जून १८६५ ला गॅल्व्हस्टनमध्ये नेमकं काय घडलं?

जनरल गॉर्डन ग्रेंजर सैन्य घेऊन टेक्सासच्या या बंदरात उतरला होता. १९ जूनला त्याच्या मुख्यालयातून ‘जनरल ऑर्डर क्रमांक ३’ निघाली. राष्ट्राध्यक्षांच्या जाहीरनाम्यानुसार सर्व गुलाम मुक्त आहेत, असं तिचं पहिलंच वाक्य आहे. पूर्वीचे मालक आणि गुलाम यांचे वैयक्तिक आणि मालमत्तेचे हक्क पूर्णपणे समान आहेत आणि यापुढे त्यांचं नातं मालक आणि मजुरीवरचा कामगार असं राहील, असंही ती सांगते. टेक्सासमध्ये तेव्हा सुमारे अडीच लाख लोक गुलामीत होते.

एका गच्चीत उभं राहून ग्रेंजरने हुकूम वाचला आणि खाली जल्लोष झाला, असं चित्र हमखास रंगवलं जातं. त्याला समकालीन आधार नाही. हुकूम वर्तमानपत्रांत छापून आला, प्रती वाटल्या गेल्या आणि बातमी मळ्यामळ्यांवर पोचत गेली.

हुकूम शेवटपर्यंत वाचावा असं मी आवर्जून सांगतो. पुढे त्यात मुक्त झालेल्यांना सल्ला आहे की त्यांनी आहे त्या घरीच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांवर गर्दी करू नये, आळशीपणाला कुठेही आधार मिळणार नाही. आयुष्यभर फुकट राबवून घेतलेल्या माणसांना मुक्तीच्या पहिल्या दिवशी, त्याच कागदावर, आळशीपणाची ताकीद दिली गेली. ते वाचताना आजही संताप येतो.

५. टेक्सासला मुक्तीची बातमीच अडीच वर्षं कळली नव्हती, असं वाचलं. खरं का?

नाही. टेक्सासच्या मालकांना जाहीरनाम्याची माहिती होती, वर्तमानपत्रांत त्यावर लिहून आलं होतं, आणि बऱ्याच गुलामांच्या कानावरही ते गेलं होतं. कमी होती ती अंमलबजावणी करणाऱ्या सैन्याची. टेक्सास युद्धभूमीपासून दूर असल्यामुळे उलट लुइझियाना आणि मिसिसिपीकडचे मालक आपल्या गुलामांना तिकडे हलवत होते, म्हणजे उत्तरेचं सैन्य त्यांच्यापर्यंत पोचू नये. बंडखोर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली ९ एप्रिल १८६५ ला शरण आला, तरी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडच्या बंडखोर सैन्याची शरणागती २ जूनला पुरी झाली. १९ जूननंतरही कापसाची वेचणी उरकेपर्यंत काही मालकांनी माणसांना अडकवून ठेवलं.

‘बातमी पोचली नाही’ या गोष्टीत एक निरागसपणा आहे आणि म्हणूनच ती मला खटकते. मालकांना सारं ठाऊक होतं. ते पीक हातात येण्याची वाट बघत होते.

६. मग कायद्याने गुलामगिरी शेवटी कुठे आणि कधी संपली? परीक्षेत काय लिहू?

परीक्षेत ६ डिसेंबर १८६५ लिहा. त्या दिवशी जॉर्जियाच्या मंजुरीने तेराव्या घटनादुरुस्तीला लागणारी राज्यांची संख्या पुरी झाली. काही पुस्तकांत १८ डिसेंबर दिसतो, ती परराष्ट्रमंत्र्यांनी मंजुरी अधिकृतपणे घोषित केल्याची तारीख. ३१ जानेवारी १८६५ दिसली, तर ती प्रतिनिधिगृहाने दुरुस्ती मंजूर केल्याची.

मेरिलंडने (नोव्हेंबर १८६४) आणि मिझुरीने (जानेवारी १८६५) आपापल्या राज्यात आधीच बंदी आणली होती. केंटकी आणि डेलावेअरमध्ये मात्र गुलामगिरी डिसेंबर १८६५ पर्यंत कायदेशीर होती, म्हणजे गॅल्व्हस्टनच्या हुकुमानंतरही जवळपास सहा महिने. त्यानंतर उरला इंडियन टेरिटरी, म्हणजे आजचा ओक्लाहोमा. तिथल्या चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक आणि सेमिनोल या मूलनिवासी राष्ट्रांमध्येही काही जण गुलाम बाळगत. अमेरिकेने त्यांच्याशी १८६६ मध्ये तह केले आणि गुलामगिरी रद्द करण्याची अट त्यांत आली. सुरुवातीला सांगितलेल्या चार उत्तरांतलं चौथं ते हे.

डेलावेअरने तेरावी दुरुस्ती १९०१ मध्ये, केंटकीने १९७६ मध्ये आणि मिसिसिपीने १९९५ मध्ये मंजूर केली. मिसिसिपीची कागदोपत्री पूर्तता तर २०१३ मध्ये झाली. ही मंजुरी प्रतीकात्मक होती. १८६५ नंतर दुरुस्ती त्या राज्यांनाही लागूच होती.

दुरुस्तीतला एक अपवाद विसरू नका: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम घेण्याची मुभा त्यात आहे. दक्षिणेतल्या राज्यांनी ‘बेकार भटकणं’ यासारखे गुन्हे कायद्यात घातले, कृष्णवर्णीयांना पकडलं आणि कैदी म्हणून खाणींना, रेल्वेला, मळ्यांना भाड्याने दिलं. ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती.

७. जूनटीन्थ (१९ जून, गॅल्व्हस्टनच्या हुकुमाचा दिवस) सरकारी सुट्टी कधी झाली? त्या दिवशी लोक करतात काय?

टेक्सासमध्ये लोकांनी हा दिवस १८६६ पासूनच साजरा करायला सुरुवात केली. सार्वजनिक जागा कृष्णवर्णीयांना मिळत नसत, म्हणून १८७२ मध्ये ह्यूस्टनमधल्या मुक्त झालेल्या लोकांनी, जॅक येट्स या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने, वर्गणी काढून चक्क दहा एकर जमीन विकत घेतली. ती आजची इमॅन्सिपेशन पार्क. टेक्सासने राज्याची सुट्टी १९८० पासून दिली आणि १७ जून २०२१ ला बायडन यांच्या सहीने ती देशभराची झाली.

त्या सहीमागे ओपल ली यांची चिकाटी होती. १९ जून १९३९ ला फोर्ट वर्थमध्ये गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्या कुटुंबाचं घर उद्ध्वस्त केलं, तेव्हा त्या १२ वर्षांच्या होत्या. २०१६ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्या राष्ट्रीय सुट्टीच्या मागणीसाठी फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनकडे पायी निघाल्या.

दिवस जातो प्रार्थना, मिरवणुका, जाहीरनाम्याचं वाचन आणि एकत्र जेवण यांत. पानात लाल पदार्थ हवेतच: कलिंगड, लाल सरबत किंवा सोडा, लाल रंगाचा केक आणि निखाऱ्यावर भाजलेलं मांस.

८. ब्लॅक हिस्टरी मंथ फेब्रुवारीतच का? मुद्दाम सर्वांत छोटा महिना दिला का?

कुणी दिला नाही, कृष्णवर्णीय इतिहासकाराने निवडला. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हा इतिहास-सप्ताह सुरू केला, कारण त्याच आठवड्यात लिंकनचा (१२ फेब्रुवारी) आणि गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले वक्ते-लेखक फ्रेडरिक डग्लस यांचा (१४ फेब्रुवारी) जन्मदिवस येतो आणि लोक ते दोन्ही दिवस आधीपासून साजरे करत होते. वुडसन यांचे आई-वडील गुलामगिरीत जन्मले होते. स्वतः त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केलं आणि पुढे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली. सप्ताहाचा महिना झाला १९७० च्या दशकात; १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली.

डग्लस यांची १४ फेब्रुवारी ही खरी जन्मतारीख नाही. गुलामांच्या मुलांच्या जन्माची तारीख त्यांना कुणी सांगत नसे, म्हणून त्यांनी ती स्वतः निवडली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तिकडे हा महिना ऑक्टोबरमध्ये असतो, १९८७ पासून.

९. ४ जुलै हा सगळ्याच अमेरिकनांचा स्वातंत्र्यदिन ना? मग वेगळा दिवस कशाला?

हा प्रश्न डग्लस यांनीच १८५२ मध्ये उलट बाजूने विचारला होता. रॉचेस्टरमध्ये त्यांना ४ जुलैनिमित्त भाषणाला बोलावलं होतं. ते बोलले ५ जुलैला आणि श्रोत्यांना त्यांनी थेट विचारलं, की गुलामाला तुमच्या या ४ जुलैचं काय? त्याआधी न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली ती ४ जुलै १८२७ ला, पण तिथल्या कृष्णवर्णीयांनी मिरवणूक काढली दुसऱ्या दिवशी. वेगळ्या दिवसाची परंपरा जूनटीन्थपेक्षा जुनी आहे.

१०. १ जानेवारी आणि २८ ऑगस्ट या तारखा इतक्यांदा का दिसतात?

१ जानेवारी बऱ्याचदा कायदे लागू होण्याची सोयीची तारीख म्हणून येते. अमेरिकेत परदेशातून गुलाम आणण्यावरची बंदी १ जानेवारी १८०८ ला लागू झाली, मुक्ती जाहीरनामा १८६३ चा, सुदान १ जानेवारी १९५६ ला आणि कॅमेरून १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला. हैतीने १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य घोषित केलं. गुलामांच्या उठावातून जन्मलेलं ते राष्ट्र. त्या दिवशी हैतीच्या घराघरांत भोपळ्याचं सूप करतात.

अमेरिकेतल्या गुलामांना मात्र १ जानेवारीची धास्ती असे. वर्षाचे हिशेब त्या दिवशी मिटवले जात, माणसं वर्षभरासाठी भाड्याने दिली जात किंवा विकली जात आणि कुटुंबं तुटत. त्याला ‘काळीज तुटण्याचा दिवस’ असं नाव पडलं होतं. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये जागत बसले, ते त्याच दिवसाची पहाट या वेळी वेगळी उजाडणार म्हणून. वर्षाच्या शेवटच्या रात्रीची ती प्रार्थना अनेक चर्चमध्ये अजून होते.

२८ ऑगस्ट १८३३ ला ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामगिरीबंदीच्या कायद्याला राजाची संमती मिळाली (प्रश्न १२ पाहा). २८ ऑगस्ट १९५५ ला मिसिसिपीत शिकागोहून पाहुणा आलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलचा गोऱ्यांनी छळ करून खून केला. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडीच ठेवायला लावली. माझ्या पोराचं काय केलं ते जगाने बघावं, हा त्यांचा आग्रह होता. गोऱ्या ज्युरीने सुमारे तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांच्या आसपास लोकांपुढे मार्टिन ल्यूथर किंग बोलले, आणि २८ ऑगस्ट २००८ ला ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली.

१९६३ च्या त्या सभेत व्यासपीठावरून एक निधनवार्ताही सांगितली गेली. थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आदल्याच दिवशी, ९५ व्या वर्षी, घानाची राजधानी आक्रा इथे वारले होते.

११. रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत, हे खरं? आणि त्यांच्याआधीही कुणी होतं का?

अंगाने दमल्या नव्हत्या, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या आणि बरीच वर्षं हे काम करत होत्या. तारीख १ डिसेंबर १९५५, गाव अलाबामा राज्यातलं माँटगमेरी.

आधी होतंच. क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीला त्याच गावात, त्याच कारणासाठी २ मार्च १९५५ ला अटक झाली होती. बसमधला वर्णभेद ज्या खटल्याने कायद्याने संपला, त्यात वादी म्हणून कॉल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या.

पार्क्स यांना अटक झाल्यावर त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर पहाटेपर्यंत बसवर बहिष्कार घालण्याची हजारो पत्रकं काढली. सोमवारी ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. बहिष्कार ३८१ दिवस टिकला. घरकाम करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल चालत कामावर जात, चर्चच्या गाड्या फेऱ्या मारत. पाठ्यपुस्तकांत एका बाईंचं नाव उरतं, पण तो विजय या चालणाऱ्या बायकांचा होता.

(किंग यांच्या सुट्टीची तारीख दरवर्षी का बदलते, असंही बरेच जण विचारतात. जन्मतारीख १५ जानेवारी १९२९ आहे, पण सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. ती देशभर पहिल्यांदा १९८६ मध्ये पाळली गेली.)

१२. ब्रिटिशांनी गुलामगिरी १८०७ ला बंद केली, १८३३ ला की १८३८ ला? भारतात काय?

१८०७ ला व्यापारावर बंदी आली, म्हणजे जहाजांतून माणसं नेणं बंद. आधीच गुलाम असलेले गुलामच राहिले. १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला, पण सहा वर्षांवरच्या बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं. तीही सक्ती संपली १ ऑगस्ट १८३८ ला. कॅरिबियनमधल्या अनेक देशांत मुक्तिदिन १ ऑगस्टलाच असतो तो त्यामुळे. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले ते मालकांना. राबलेल्यांना एक पैही मिळाली नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचे मुलूख १८३३ च्या कायद्यातून वगळलेले होते. भारतात गुलामीला कायद्याने मान्यता न देण्याचा कायदा १८४३ चा. शिवाय १८३४ पासूनच मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी भारतातून गिरमिटिया मजूर नेले जाऊ लागले, त्यांत पुढे मराठी माणसंही होती.

१३. घाना हा आफ्रिकेतला पहिला स्वतंत्र देश का?

नाही. इथिओपिया कायमची वसाहत कधीच झाला नाही (१९३६ ते १९४१ इटलीचा ताबा होता). लायबेरियाने २६ जुलै १८४७ ला स्वातंत्र्य घोषित केलं, आणि ते घोषित करणारे अमेरिकेतून तिथे गेलेले कृष्णवर्णीय होते. इजिप्त, लिबिया, सुदान, मोरोक्को, ट्युनिशिया हेही घानाच्या आधीचे. सहाराच्या दक्षिणेकडे युरोपीय सत्तेपासून मुक्त झालेली पहिली वसाहत म्हणून घानाचा मान सांगतात. सुदान कोणत्या बाजूला मोजायचा यावर तो अवलंबून आहे.

६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री आक्रात घानाचे नेते एन्क्रुमा बोलले तेव्हा गर्दीत किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा हजर होते. माँटगमेरीचा बहिष्कार संपून तीनच महिने होत आले होते. १९६० मध्ये तर एका वर्षात १७ आफ्रिकी देश स्वतंत्र झाले.

१४. आडवाची लढाई १ मार्चला झाली की २ मार्चला?

दोन्ही बरोबर. इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटलीचा पराभव केला तो आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे १ मार्च १८९६ ला, आणि इथिओपियाच्या स्वतःच्या दिनदर्शिकेप्रमाणे येकातित महिन्याच्या २३ तारखेला. तिथे विजयदिन २३ येकातितलाच पाळतात. ग्रेगोरियन पद्धतीत १९०० हे लीप वर्ष धरलं नाही, त्यामुळे दोन दिनदर्शिकांतलं अंतर एका दिवसाने वाढलं आणि आता तोच दिवस २ मार्चला पडतो. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद ऐकलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. प्रकल्पात ‘लढाई १ मार्च १८९६, विजयदिन २ मार्च’ असं लिहा. इथिओपियाचं वर्षही आपल्या मागे सात-आठ वर्षं असतं; एकविसाव्या शतकाचं स्वागत त्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये केलं.

१५. दक्षिण आफ्रिकेत १६ डिसेंबरला आधी वेगळाच सण होता का?

हो. १६ डिसेंबर १८३८ ला ब्लड रिव्हरच्या लढाईत बोअर लोकांनी (मुख्यतः डच वंशाचे गोरे वसाहतकार) झुलू सैन्याला हरवलं, आणि वर्णभेदी राजवटीत तो नवसाचा, विजयाचा दिवस होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने आपली पहिली कारवाई जाणीवपूर्वक १६ डिसेंबर १९६१ ला केली. १९९५ पासून हाच दिवस ‘सलोखा दिन’ म्हणून पाळला जातो. सुट्टी रद्द करणं सोपं होतं. ती ठेवून तिचा अर्थ बदलणं हा मला मंडेलांच्या सरकारचा फार मोठा निर्णय वाटतो.

इतर तीन तारखा थोडक्यात: २१ मार्च १९६० (शार्पव्हिलचा गोळीबार, ६९ मृत्यू), १६ जून १९७६ (आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध सोवेटोतल्या विद्यार्थ्यांचा उठाव), ११ फेब्रुवारी १९९० (मंडेलांची सुटका).

१६. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही खरा संबंध आहे का, की ओढूनताणून जोडतात?

खरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये, म्हणजे तेराव्या दुरुस्तीनंतर आठच वर्षांत, ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यात बसून फुल्यांनी अटलांटिकपलीकडच्या लढ्याशी नातं सांगितलं, हे मला या सगळ्या यादीत सर्वांत जवळचं वाटतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं आणि त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून.

त्याच्याही कितीतरी आधी, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तो वारला १६२६ मध्ये. कबर खुलताबादला आहे.

१७. गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याच्या दोन तारखा का? आणि गोव्याचा इथे उल्लेख का येतो?

स्वातंत्र्यलढ्यातल्या पक्षाने २४ सप्टेंबर १९७३ ला स्वातंत्र्य घोषित केलं आणि बऱ्याच देशांनी ते मानलंही. पोर्तुगालने मान्य केलं १० सप्टेंबर १९७४ ला, कारण मध्ये २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्येच हुकूमशाही कोसळली. देश स्वतः २४ सप्टेंबर पाळतो, तीच लिहावी. मोझांबिक (२५ जून १९७५) आणि अंगोला (११ नोव्हेंबर १९७५) इथे हा पेच नाही.

गोवा येतो तो सत्ता एकच होती म्हणून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींमधले लढे सुरू होत होते. गोव्यात जन्मलेले अकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या लढ्यातले महत्त्वाचे सल्लागार झाले आणि राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात गेले. नैरोबीत जन्मलेले, गोंयकार घरातले पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले, गोव्याच्या मुक्तीसाठीही राबले. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आफ्रिका दिन २५ मेचा असला, तरी गोव्यातल्या शाळांनी या दोघांच्या तारखाही फळ्यावर लिहाव्यात.